दार लावून घेतलेला पाऊण तास

पिरंगुट मागे टाकून लवासाच्या दिशेने निघालेला रस्ता घाट उतरला की मुठा खोरे दिसू लागते. वर टेमघरचे धरण, खाली भातखाचरे आणि मध्ये नदीच्याच नावाचे मुठा गाव. हीच नदी पुढे खडकवासल्याच्या जलाशयात मिळते आणि तेथून पुणे शहरात शिरते. गावातील माणूस मोठ्या आजाराने पुण्यास निघाला म्हणजे जणू नदीच्याच सोबतीने निघतो. पावसाळ्यात ढग इतके खाली येतात की भरदुपारी दुकानात दिवा लावावा लागतो.

अशा गावातील एका किराणा व्यापाऱ्याची कल्पना करावी. वय चोपन्न. वडिलांनी उभी केलेली पेढी, धाकटा भाऊ पौडला, मुलगा पुण्यात शिकतो आहे, मुलीच्या स्थळांची बोलणी सुरू आहेत. दीड वर्षापूर्वी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, औषधांची आवर्तने पार पडली, पोटावर एक पिशवी आली. ती काही महिन्यांनी काढता येईल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ताजा अहवाल चांगला आहे. घरात पेढे वाटले गेले. आणि नेमक्या त्याच आठवड्यापासून हा गृहस्थ गल्ल्यावर बसेनासा झाला.

उपचार चालू होते तोवर प्रत्येक दिवसाला काम होते. तपासणीची तारीख, रक्ताचा अहवाल, पुढचे सलाइन. ते सारे संपल्यावर रिकामा वेळ अंगावर आला. रात्री झोप येत नाही, पोटात कळ आली की आजार उलटला असे वाटते, गिऱ्हाइकाला वास येईल या धास्तीने तो माणसांपासून चार हात दूर उभा राहतो. मंदिरात जाणेही त्याने बंद केले आहे, कारण अंगावर पिशवी असताना पूजा चालेल की नाही हे कुणाला विचारावे हे त्याला कळत नाही आणि विचारण्याची लाज वाटते. घरचे म्हणतात, "बरे झालात, आता कसली काळजी?" या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नाही.

कर्करोगाच्या रुग्णालयांत ही अवस्था नवी नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ महिलेने १९७७ मध्ये कर्करुग्णांच्या मनाची दखल घेणारा पूर्णवेळ विभाग उभा केला आणि त्यातून वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा आकारास आली. नंतरच्या काळात शून्य ते दहा अशा आकड्यांची एक साधी पट्टी वापरात आली. ताप मोजावा तशी रुग्णाने आपली अस्वस्थता त्या पट्टीवर स्वतः दाखवावयाची. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हे शुश्रूषालय सुरू केले. रुग्णाची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची अशी चारही अंगांची असते, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईत १९८६ मध्ये शांती आवेदना सदन निघाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक उपचार केंद्र कर्करुग्णांची व त्यांच्या कुटुंबीयांची विनामूल्य सेवा करीत आले आहे. मुठेच्या पाण्यासोबत शहरात शिरणाऱ्याला ते वाटेवरच आहे.

तरीही खोऱ्यातून दर आठवड्याला शहरात जाऊन कुणाशी तरी तासभर बोलावयाचे, ही गोष्ट आजारी माणसाच्या आवाक्यातली नसते. जाण्यायेण्यात अर्धा दिवस मोडतो, गाडी चालवणारा एक माणूस दुकानातून उठतो, पिशवीची व्यवस्था वाटेत कुठे करावयाची हा वेगळाच प्रश्न. दूरध्वनीवरून किंवा पडद्यावरून मिळणाऱ्या समुपदेशनाचा विचार येथे सुरू होतो.

व्यापारी घरांची म्हणून एक वेगळी अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. नोकरदाराचा आजार त्याच्या रजेच्या अर्जात नोंदला जातो. व्यापाऱ्याचा आजार त्याच्या पतीवर नोंदला जातो. मालक आजारी आहे असे बाजारात कळले की घाऊक व्यापारी उधारीचे दिवस कमी करतो, देणेकरी हात आखडतो, भागीदार हिशेबाची भाषा बोलू लागतो. मुलीचे लग्न ठरावयाचे असेल तर 'त्यांच्याकडे कॅन्सर आहे' हे वाक्य चार गावे फिरून येते. म्हणून घरात ठरते की कुणाला काही बोलावयाचे नाही. फार तर 'पोटाचे ऑपरेशन झाले' एवढे सांगावयाचे. हे ठरवणे वरवर व्यवहाराचे दिसते. त्याची किंमत मात्र रुग्ण मोजतो, कारण ज्या गोष्टीने त्याचे सारे आयुष्य व्यापले आहे तीच त्याला चारचौघांत बोलता येत नाही. बाहेर लपवता लपवता घरातही बोलणे बंद होते. नवरा बायकोपाशी भीती बोलत नाही, बायको स्वयंपाकघरात रडून डोळे पुसून बाहेर येते, मुलगा फोनवर अभ्यासाचेच बोलतो.

परक्या माणसाशी बोलण्याचा उपयोग येथे असतो. समुपदेशकाला मुलीचे स्थळ ठाऊक नाही, बाजारातली पत ठाऊक नाही, आणि ऐकलेले दुसऱ्याला न सांगण्याचे बंधन त्याच्यावर आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा त्यातील स्पष्ट हक्क आहे. पडद्यावरच्या भेटीत आणखी एक लाभ आहे: दवाखान्याच्या पायरीवर ओळखीचे कुणी भेटण्याचा प्रसंग टळतो.

दूरस्थ उपचारांना आपल्याकडे नियमांची चौकट मिळाली ती २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी. केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाचे मार्गदर्शक नियम जाहीर केले. त्याआधी असे काही घडत नव्हते असे नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही दूरध्वनीवरील समुपदेशनाची सेवा सुरू केली होती. पण वडीलधाऱ्या मंडळींना पडद्याची सवय लावली ती टाळेबंदीने. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हे त्याचे बोलके उदाहरण आहे. हात थरथरणे, हालचाल मंदावणे, चेहऱ्यावरचे भाव गोठणे अशा व्याधीशी दीर्घकाळ सामना करणाऱ्या रुग्णांचा आणि त्यांच्या घरच्यांचा हा स्वमदतगट. टाळेबंदीत एकत्र जमणे थांबले तेव्हा त्यांच्या सभा पडद्यावर भरू लागल्या. मुंबईच्या पार्किन्सन्स सोसायटीनेही आपले गट याच मार्गाने चालू ठेवले. ज्यांना घराबाहेर पडणेच कठीण, त्यांना घरबसल्या चार समदुःखी माणसे भेटू लागली. साठी-सत्तरीच्या माणसांना हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी या सभा पाहावयास हव्या होत्या. नातवाने एकदा बटण दाखवले की आजोबा वेळेआधी हजर असत.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. बहुतेक भेटी पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांच्या असतात, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे ज्यांच्या अंगवळणी पडली आहेत त्यांना हा कालावधी मुद्दाम मोजून दाखवावा लागणार नाही. पहिल्या भेटीत समुपदेशक आजाराचा इतिहास, चालू औषधे, झोप, भूक, घरातील माणसे यांची विचारपूस करतो. संपर्क तुटला तर कोणत्या क्रमांकावर फोन करावयाचा आणि अडचणीच्या वेळी घरातील कुणाला कळवावयाचे हेही तेव्हाच लिहून घेतो. जो हे विचारत नाही त्याच्याविषयी सावध असलेले बरे.

पुढच्या भेटींत उपदेश फारसा नसतो, आणि प्रवचन ऐकण्याच्या तयारीने बसलेल्या माणसाची येथे थोडी निराशा होते. कामच अधिक असते. उदाहरणार्थ, आपला व्यापारी दिवसभर पलंगावर पडून असतो आणि 'बरे वाटले की दुकानात जाईन' असे म्हणतो. समुपदेशक हा क्रम उलटा करून पाहावयास सांगतो. आधी दुकानात जावे, तेही पहिल्या दिवशी वीस मिनिटे, गिऱ्हाईक नसलेल्या वेळी. वही तेवढी तपासावी आणि उठावे. मन कसे होते ते संध्याकाळी दोन ओळींत लिहावे. मनाने उभारी धरण्याची वाट न पाहता कृतीपासून आरंभ करण्याची ही रीत गोव्यातील 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तपासून पाहिली. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना हात दिला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य आणि चिंता यांच्या बाबतीत मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचे ऑनलाइन उपचार प्रत्यक्ष भेटीच्या जवळपास गुण देतात, असे तुलना करणाऱ्या अभ्यासांतून दिसले आहे.

पोटातील कळेच्या भीतीचेही असेच आहे. 'काही नाही, मनाचे खेळ आहेत' असे तज्ज्ञ म्हणत नाही, कारण काही असूही शकते. कोणती कळ किती दिवस राहिली, कोणती लक्षणे दिसली तर त्याच दिवशी शल्यविशारदाला कळवावयाचे आणि कोणती पुढच्या तपासणीपर्यंत थांबू शकतात, याची यादी रुग्णाने डॉक्टरांकडूनच करून घ्यावी असे तो सुचवतो. यादी कपाटाला चिकटवली की रात्री दोन वाजता मनाशी वाद घालण्याचे कारण कमी होते. पूजेच्या प्रश्नावरही समुपदेशक निर्णय देत नाही. तो त्याचा अधिकार नाही. महाराजसाहेबांना स्वतः विचारण्यात नेमकी कशाची भीती वाटते, एवढेच तो विचारतो. पुष्कळदा असे निघते की नकाराची भीती कमी आणि पिशवीचा उच्चार करण्याची भीती जास्त. तो उच्चार आधी पडद्यासमोर करून पाहिला की पुढचा सोपा जातो.

आजार आपल्याच कर्माने आला, म्हणजे दोष आपलाच, अशी बोचणी पुष्कळ रुग्ण मनात बाळगतात. भेटावयास आलेले नातेवाईक 'कर्मोदय' हा शब्द सांत्वन म्हणून उच्चारतात आणि रुग्णाला तो आरोप म्हणून ऐकू येतो. कर्मसिद्धान्ताचा विचार शास्त्रात समभावासाठी आहे. खाटेवरच्या माणसाची उलटतपासणी घेण्यासाठी तो वापरला जातो तेव्हा दुखणे दुप्पट होते. समुपदेशक वेगळ्या परंपरेतला असला तर ही बोचणी त्याला आपोआप कळणार नाही, रुग्णाने ती बोलून दाखवली पाहिजे. तसेच चौविहार किंवा उपवास असेल तर गोळ्यांच्या वेळांविषयी डॉक्टरांना आधी सांगावे. न सांगता गोळी टाळली जाते आणि मग गुण का येत नाही याचा शोध भलतीकडे घेतला जातो.

कॅनडातील हार्वे चोचिनोव्ह या मनोविकारतज्ज्ञांनी गंभीर आजारी माणसांसाठी योजलेली एक पद्धत व्यापारी घरांना विशेष जवळची वाटावी. रुग्णाला काही प्रश्न विचारले जातात: आयुष्यातील कोणत्या काळात आपण खरे जगलो असे वाटते, कोणत्या कामाचा अभिमान आहे, घरच्यांना काय सांगावयाचे राहिले, त्यांनी कोणत्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उत्तरे ध्वनिमुद्रित होतात, उतरवून घेतली जातात, रुग्णाला वाचून दाखवून दुरुस्त केली जातात आणि शेवटी तो लेख त्याच्या हाती देतात. कुणाला द्यावयाचा ते तो ठरवतो. मृत्युपत्रात दुकान, जागा, दागिने यांची वाटणी असते. या लेखात दुकान कसे उभे राहिले, दुष्काळात कुणी धान्य उधार दिले, कोणाची उधारी मुद्दाम मागितली नाही, कोणत्या भावाशी अबोला झाला आणि त्यात आपली चूक किती होती, हे येते. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' सर्वांना म्हटले जाते. ज्या एका माणसाला ते म्हणावयाचे राहून गेले असते त्याचे नाव अशा वेळी ओठांवर येते. हे सारे दूरध्वनीवरूनही करता येते.

मुळशी तालुक्याला आयुष्य उलटेपालटे होणे ठाऊक आहे. शेजारच्या मुळेच्या खोऱ्यात धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शेत आणि घर पाण्याखाली गेलेल्या माणसांच्या मनाचे काय झाले हे विचारावयास तेव्हा कुणी नव्हते. आजार हे अशाच उलथापालथीचे एक रूप आहे. जोडीदाराचा मृत्यू, पेढी मिटवणे, दृष्टी जाणे, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागणे, मुले परदेशी गेल्यावर मोठ्या घरात दोघेच उरणे, या सर्वांत काल जो माणूस होता तो आज नसतो आणि नव्या माणसाची ओळख अजून झालेली नसते.

अडचणीही आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. पहिली अडचण दाराची. एकत्र कुटुंबात पाऊण तास दार लावून बसणे म्हणजे घरात काहीतरी घडले आहे अशी घोषणा. सून चहा घेऊन येते, नातू दार ठोठावतो, वडील बाहेरून विचारतात, "कोणाशी बोलतोस?" कुणी गाडीत बसून बोलतो, कुणी गोदामात पोत्यांच्या आडोशाला. कानात यंत्र घातले तर समोरच्याचे बोलणे बाहेर जात नाही, पण आपले जातेच. दुसरी अडचण रेंजची. खोऱ्यात पावसाळ्यात चित्र गोठते आणि नेमके रडू आवरत नसताना समोरचा चेहरा स्थिर होऊन बसतो. अशा वेळी चित्राचा हट्ट सोडून साधा फोन लावावा. कित्येकांना तोच बरा वाटतो. चेहरा दिसत नसला की लाज कमी वाटते.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे: पडद्यापलीकडे कोण आहे? मोबाइलवर 'जीवन-मार्गदर्शक', 'उपचारक', 'माइंड कोच' अशा बिरुदांची रेलचेल आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेला डॉक्टर असतो आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्यालाच आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला? नव्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आपण विचारतोच. वर्षभराच्या भेटींचे पैसे एकदम मागणारा, कर्करोगाची औषधे बंद करावयास सांगणारा किंवा विचारांच्या बळावर गाठ विरघळेल असे सांगणारा, या तिघांना लगेच नमस्कार करावा.

काही गोष्टी पडद्यावर होत नाहीत. मॉर्फिनसारखी अमली द्रव्य कायद्याखालील वेदनाशामके दूरवैद्यकातून लिहून देता येत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते. रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवसरात्र ओळखेनासा झाला, तर ते मनाचे दुखणे समजून भेटीची वेळ ठरवत बसू नये. जंतुसंसर्ग किंवा क्षार कमी होणे हे कारण असू शकते आणि रुग्णालय त्याच दिवशी गाठले पाहिजे. जगणे नको झाले असे कुणी बोलून दाखवले तर त्याला एकटे सोडू नये आणि पुढच्या आठवड्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीतही.

खर्चाचा विचार व्यापारी घरात होणारच, आणि व्हावा. मानसिक आजारासाठी विमा शारीरिक आजाराप्रमाणेच मिळाला पाहिजे असे २०१७ च्या अधिनियमात आहे. परंतु अनेक पॉलिसींमध्ये रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या भेटींचा खर्च बसत नाही. म्हणून पॉलिसीतील बाह्यरुग्ण खर्चाचे कलम आधी वाचावे.

या सगळ्या हिशेबात एका व्यक्तीचे नाव सहसा लिहिले जात नाही. रुग्णाच्या पत्नीचे. पिशवी बदलावयास तीच शिकली, पथ्याचा स्वयंपाक तीच करते, दुपारी गल्ल्यावरही तीच बसते, आणि 'ह्यांना कसे आहे?' या प्रश्नाचे उत्तर दिवसातून दहा वेळा देते. तिला कसे आहे हे विचारले जात नाही. रुग्णाच्या भेटींपैकी एखादी भेट तिच्यासाठी वेगळी मागून घेता येते, आणि अनेक समुपदेशक ती स्वतःहून सुचवतात. तिची पहिली तक्रार बहुधा आजाराविषयी नसतेच. ती असते अशी, की वर्षभरात ती माहेरी एकदाही गेली नाही आणि हे बोलण्याची तिला चोरी वाटते.

गुरुवारी दुपारी दोन ते तीन गावात गिऱ्हाईक थोडे असते. आपल्या व्यापाऱ्याने तीच वेळ घेतली असे समजावे. माडीवरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीपाशी रेंज बरी मिळते, म्हणून खुर्ची तेथे हलवली आहे. पहिल्या दोन भेटींत तो औषधांविषयीच बोलला. तिसऱ्या भेटीत पिशवी हा शब्द उच्चारला. पाचव्या भेटीत त्याने विचारले की मुलाला खरे किती सांगावे. समुपदेशकाने उलट विचारले, मुलाला किती ठाऊक आहे असे वाटते? त्या रविवारी मुलगा घरी आला तेव्हा बापाने त्याला माडीवर बोलावले, तिजोरीची किल्ली, बँकेची कागदपत्रे आणि उधारीची जुनी वही त्याच्यापुढे ठेवली, आणि पोटावरचा सदरा वर करून पिशवी दाखवली. मुलाने ती आधीच पाहिली होती. रुग्णालयात, बाप गुंगीत असताना. दोघे बराच वेळ तसेच बसून राहिले. मग मुलाने वही उघडली आणि विचारले, "ही कोळवणकरांची बाकी अजून धरायची का?"